मदत हवी आहे: खाडीकाठच्या कौलारू घराची किंमत नक्की ठरते कशावर?

मागीलदार

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातले वडिलोपार्जित घर आम्हा तिघा भावांत वाटायचे आहे. एकाने घर ठेवायचे, बाकी दोघांना पैसे द्यायचे, असा बेत आहे. त्यासाठी आकडा काढायला गेलो तर तीन ठिकाणांहून तीन आकडे आले: मूल्यांककाचा, रेडी रेकनरचा (सरकारी दरपत्रक) आणि दलालाचा.

जागा 12 गुंठे. जांभ्याचे कौलारू घर 1400 चौ. फूट, वय 75 च्या आसपास. विहीर आहे. खाडी साधारण 70 मीटरवर. गाडी दारात येत नाही, शेवटची 100 मीटर पाखाडी (दगडी पायवाट). सातबाऱ्यावर अजून आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, घरपट्टी वडिलांच्या नावे. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात काही नाही.

मूल्यांककाने घराचे फक्त 2 लाख 52 हजार धरलेत. चूक झालीय का? दलाल म्हणतो कौले उतरवून पत्रा घाला, आत लाद्या बसवा; 6 लाख जातील, 15 वाढतील. करावे का?

जांभा_चिरा

मूल्यांककाचे गणित बरोबर आहे. आज तसेच घर बांधायचा खर्च त्याने चौरस फुटाला 1800 धरलेला दिसतो. 1400 गुणिले 1800 म्हणजे 25 लाख 20 हजार. बांधकामाचे एकूण आयुष्य संपले असे धरले की शेवटी 10 टक्के भंगारमूल्य उरते, तेच तुमचे 2 लाख 52 हजार. स्लॅबच्या घराचे आयुष्य साधारण 60 वर्षे धरतात आणि 90 टक्के किंमत त्या वर्षांवर वाटतात. म्हणजे 30 वर्षांच्या घराचे 45 टक्के गेले. ही कागदावरची घसारा पद्धत आहे. तुमच्या घरातले सागवानी खांब तिला दिसत नाहीत.

रेकनर म्हणजे मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी सरकारने धरलेला मालमत्तेचा किमान दर. त्यात पाखाडी नाही, विहीर नाही, खाडी नाही. त्याला बाजारभाव समजू नका, पण विसरूही नका. पुढे कधी विकलेत आणि खरेदीखतातली रक्कम इतकी कमी असली की रेकनरचे मूल्य तिच्या 110 टक्क्यांच्या वर जाते, तर भांडवली नफा रेकनरवर मोजला जातो. घेणाऱ्यालाही त्या फरकावर कर लागू शकतो.

गुंठ्याचा चालू भाव हवा असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि गट क्रमांक टाकून सूची-2 (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढा. शेजारच्या गटांचे गेल्या 2-3 वर्षांतले व्यवहार बघा. मात्र रस्त्यालगतच्या गटाचा भाव पाखाडीवरच्या गटाला लावू नका.

फेरफारवाला

आकड्याचे नंतर बघू. सातबाऱ्यावर आजोबांचे भाऊ आहेत म्हणता, मग जागा तिघांची कशी? हिस्से वेगळे लिहिलेले नसतील तर निम्मी त्या शाखेची धरून चला. तुमच्या निम्म्यातही आत्या आणि बहिणी आहेत का? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. भाव 12 गुंठ्यांचा काढलात आणि हातात 6 गुंठे आले, तर ज्याने भावांना पैसे दिले तो बुडाला.

घरपट्टी वडिलांच्या नावे आहे याचा अर्थ इतकाच की कर ते भरत होते. घरपट्टीचा असेसमेंट उतारा मालकी सांगत नाही.

तेव्हा आधी दोन्ही शाखांची वारसनोंद, मग मोजणी. भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, 'क' प्रत, हातात येईपर्यंत 12 गुंठे हा नुसता आकडा. गडगा (दगडी कुंपण) एकीकडे आणि हद्द दुसरीकडे हे आपल्याकडे नेहमीचेच. एका बाजूने चार फूट आत-बाहेर निघाले तरी जवळपास अर्धा गुंठा इकडचा तिकडे होतो (1 गुंठा म्हणजे 1089 चौ. फूट).

जमीन गावठाणात आहे की शेती, तेही बघा. शेती असेल तर बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. मुंबई-पुण्याचे निम्मे गिऱ्हाईक तिथेच गळते, आणि भाव पडतो तो गिऱ्हाईक गळल्यामुळे.

अवांतर, इतर वाचकांसाठी: इतर हक्कात 'कुळकायदा कलम 43 ला पात्र' दिसले की लोक घाबरून जमीन पडेल भावात देतात. 2014 च्या दुरुस्तीनंतर, कुळाच्या खरेदीला 10 वर्षे झाली असतील तर आकाराच्या (जमीन महसुलाच्या) 40 पट नजराणा सरकारला भरून ती शेतकऱ्याला विकता येते. आकार सातबाऱ्यावरच असतो, बहुतेकदा चिल्लर रक्कम. 40 ने गुणून बघा.

पाखाडी

वरच्या कागदांनंतर कोकणात भाव ठरतो तो वाट आणि पाण्यावर. 100 मीटर पाखाडी म्हणजे नवा चिरा, रेती, सिमेंट सगळे डोक्यावरून. घेणारा तो खर्च आधीच कापतो. शेजाऱ्याकडून 10 फुटांची वाट नोंदणीकृत कराराने मिळत असेल, तर ते 6 लाख लाद्यांपेक्षा तिथे घाला. 'आम्ही कायम इथूनच जातो' याला किंमत नाही, वाट नकाशावर किंवा दस्तात हवी.

विहिरीचा नमुना मे महिन्यात, अमावस्या किंवा पौर्णिमेच्या भरतीला घ्या. पावसाळ्यातला अहवाल कोणी विचारत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅम, विरघळलेले क्षार 500. दुसरा स्रोत नसेल तर अनुक्रमे 1000 आणि 2000 पर्यंत चालते. जोरदार पंप लावून विहीर तळाला नेली की खाडीचे पाणी आत ओढले जाते आणि गोड विहीर मचूळ होते.

पत्रा तर अजिबात नको. जुने घर म्हणून घेणारा कौलांसाठी आणि लाकडासाठीच येतो. पत्र्याखाली उरतो फक्त उकाडा. त्याऐवजी फुटकी कौले बदला आणि वासे-रिपा तपासा. भिंतीत शिरलेल्या टोकाशी पेचकस दाबून बघा, पाते मऊसूत आत गेले तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवी आहे. चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा असेल तर ओल आत कोंडून मीठ बाहेर फुलते. पोपडे सुटले असतील तिथे गिलावा काढून चुन्याचा करा.

मागीलदार

धन्यवाद. चुलत शाखेचा विचारच केला नव्हता, आणि दोन बहिणीही आहेत. खाडीमुळे सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) लागेल का?

फेरफारवाला

70 मीटर हे फार नेमके अडचणीचे अंतर आहे. 2011 च्या अधिसूचनेत खाडीसाठी पट्टा 100 मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, जे कमी ते. 2019 मध्ये 50 मीटर किंवा रुंदी, जे कमी ते. खाडी 70 मीटरपेक्षा रुंद असेल तर पहिल्या हिशेबात तुम्ही आत, दुसऱ्यात बाहेर. अंतर भरती रेषेपासून मोजायचे, ओहोटीच्या पाण्यापासून नाही. जिल्ह्याचा मंजूर किनारा व्यवस्थापन नकाशा घ्या आणि 'क' प्रतीवरून आपला गट त्यावर बसवून घ्या.

आत निघालात तरी अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा त्याच जोत्यावर पुनर्बांधणी होते. जोते आणि चटईक्षेत्र वाढवता येत नाही. म्हणून घराचे वय दाखवणारे जुने असेसमेंट उतारे मात्र जपा. मालकीला त्यांचा उपयोग नसला तरी इथे तेच चालतात. ग्रामपंचायतीकडून मिळेल तेवढ्या मागच्या सालापर्यंतची नक्कल मागा.

पाखाडी

नमुन्याचे एक राहिले. पंप 10 मिनिटे चालवून मग बाटली भरा, आणि बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतून वेगळी मिळते, ती विसळायची नाही.