मळीचा काठ ढासळतोय, काँक्रीटची भिंत घालावी का?

मळीकर:
सदलग्याजवळ दूधगंगेच्या बाहेरच्या वळणावर काळी मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, आहे. काठ 5 मीटर उंच, जवळजवळ सरळ, 60 मीटर लांबीत ढासळतोय. पूर चढताना काही होत नाही. ओसरला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दरड बसते. भिंत घालावी का?

बांधबंदिस्ती:
भिंत नको. पुरात काळी माती पाणी पिऊन जड होते, पण बाहेरच्या पाण्याचा टेकू असतो. नदी झरझर उतरली की टेकू जातो आणि आतलं पाणी तिथंच राहतं. अखंड भिंत तेच पाणी कोंडते, आणि धारेनं पाया उघडा पाडला की सबंध कलंडते.
पायथ्याला गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीच्या दगड भरलेल्या पेट्या, घाला. 2×1×1 मीटरच्या पेट्या, दोन थर, खालचा थर पात्रात पूर्ण पुरलेला. 60 पेट्यांना 120 घनमीटर, म्हणजे साधारण 42 ब्रास दगड. दगड 150 ते 250 मिलिमीटरचा. बारीक जाळीतून निसटतो. मागं जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, हवंच, नाहीतर माती दगडांतून वाहून जाते. वरच्या 4 मीटरला दोनास एक उतार, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं. पायथ्याशी डोह असेल तर एवढ्यानं भागणार नाही, उन्हाळ्यात खोली मोजा.

मळीकर:
म्हणजे 8 मीटर आत! पावणेपाच गुंठे ऊस गेला की ओ.

वाळेवाला:
दीडास एक केलात तर सव्वा गुंठा वाचेल, पण भिजलेली काळी माती त्या उतारावर टिकेल असं वाटत नाही.
उतारावर वाळा लावा. दर मीटर उंचीला एक आडवी ओळ, ठोंबांत 15 सेंटिमीटर अंतर. चार ओळींना 1600 ठोंब. जूनमध्ये लावू नका, मूळ धरायच्या आत पूर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावून मोटारीचं पाणी द्या. ओळींमध्ये काथ्याची जाळी, बांबूच्या खुंट्या. जाळीची वरची कड 30 सेंटिमीटर चरात पुरा, नाहीतर खालून पाणी शिरून ती शिडासारखी फुगते. वाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून ऊस कडेपासून 3 मीटर मागं. आणि पाटपाणी कडेपर्यंत सोडणं बंद! उन्हाळ्यात काठाला समांतर भेगा पडतात, त्यातून ते थेट आत उतरतं. भेगा मातीनं ठासून बुजवा.

बांधबंदिस्ती:
एक राहिलं. गॅबियनची दोन्ही टोकं काठात वळवून घुसवा, नाहीतर धार मागून शिरते. दोन थरांत 4 पेट्या जादा; दगड 45 ब्रास धरा. पात्रातलं काम आहे, पाटबंधारे खात्याची परवानगी आधी काढा.