मदत हवी आहे: नांगराचा डाय अर्धाच कापतोय आणि राखीला तीन आठवडे उरलेत

तापीकाठ:

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, घरीच शुभेच्छापत्रं करते. बारशाची, वाढदिवसाची, लग्नाची. या वेळी मात्र स्वतःच्या तोंडामुळे अडकले आहे.

धाकटा भाऊ नवी मुंबईत डेक कॅडेटचं, म्हणजे जहाजावरच्या शिकाऊ अधिकाऱ्याचं प्रशिक्षण संपवतोय, राखीनंतर पहिल्या जहाजावर जाणार. फोनवर सहज म्हणाला, "ताई, इथं निम्म्या पोरांना राखी वेळेवर पोचतच नाही." मी बोलून गेले की सगळ्यांना मी पाठवते, कार्डात घालून. पोरं निघाली २२! राखी आणि नारळी पौर्णिमा एकाच दिवशी, शिवाय सगळी दर्यावर जाणारी, म्हणून विषय समुद्राचा घेतला. आई म्हणते, "आपला घरमा समुद्र कोनी देखा शे? जहाजं काय कापी ऱ्हायनी तू?" खरं आहे तिचं. मी तापी पाहिली आहे, ती पुढे सुरतेपलीकडे जिथे समुद्राला मिळते ते काही पाहिलेलं नाही.

आता अडचणी.

कागदाचे आकार कापायचं मशीन हाताने फिरवायचं, जुनं घेतलेलं. डाय, म्हणजे आकार कापायचा धारेचा साचा, जहाजाच्या नांगराचा, साधारण ७ सेंमी उंच, त्याला दोर गुंडाळलेला आणि दोराला पिळाच्या बारीक बारीक रेघा. कागद नेव्ही ब्लू, ३०० जीएसएम, म्हणजे चांगला जाड. उजवी बाजू लोण्यासारखी कापते, डावीकडचा दोर मात्र कागदातच अडकून राहतो. सुईने काढायला गेलं की तुटतो, आणि कडेला कापसासारखे तंतू निघतात. काल संध्याकाळी नऊ नांगर कापले, त्यातले धड निघाले दोन.

दुसरं, याच निळ्या कागदाचं कार्ड दुमडलं की घडीवर पांढरी रेघ फुटते.

तिसरं, बारीक दोराला मागून गोंद लावला की तो बाजूने बाहेर येतो. निळ्यावर वाळल्यावर गोगलगाय चालून गेल्यासारखी चकाकी दिसते.

त्यात मधला एक रविवार कानबाईचा, आमच्याकडचा देवीचा सण. घर पाहुण्यांनी भरणार, नैवेद्याच्या रोटांच्या गडबडीत कात्रीला हातसुद्धा लागणार नाही. म्हणजे माझ्या हातात खरे दोनच आठवडे. सुचवा काहीतरी.

कागदवेडी:

ताई, आधी दोन गोष्टी सांगा. ज्यांच्यामधे डाय आणि कागद ठेवून मशीन फिरवता त्या प्लेटा किती जुन्या आहेत? आणि डाय मशीनमध्ये सरळ घालता की तिरका?

उजवीकडे कापतो आणि डावीकडे नाही, म्हणजे दाब सारखा पडत नाहीये. प्लेट ओट्यावर ठेवून बघा, डोलते का. डोलली तर वाकली आहे. प्रत्येक वेळी उलटीपालटी करून वापरायची असते, तरच सरळ राहते. डाय थोडा तिरका ठेवा, म्हणजे सगळी लांब धार एकदम रोलरखाली येत नाही. एवढ्यानेही नाही कापलं तर डावीकडे, फक्त डावीकडेच, प्लेटच्या खाली साध्या कागदाची एक पट्टी सरकवा. एकच! तीन-चार घातल्या तर मशीन करकरतं आणि प्लेटला चिरा जातात. माझी एक प्लेट अशीच गेली आहे.

डाय आणि कागदाच्या मधे बटर पेपरचा तुकडा घाला, नक्षी अलगद सुटते. डाय हलू नये म्हणून मास्किंग टेप, पण आधी साडीच्या पदरावर दोनदा चिकटवून घ्या. नाहीतर टेप निघताना कागदाचं साल घेऊन निघतो.

तंतू निघतात ते श्रावणामुळे. हवा ओली, कागद मऊ, मग डाय कापायच्या ऐवजी ओरबाडतो. कागद आदल्या रात्री घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, औषधांच्या बाटल्यांतून निघतात त्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत टाका. लागेल तसा एकेक बाहेर काढा.

आणि खरं सांगू का, पिळाच्या रेघांच्या डायला ३०० जीएसएम जडच. कार्ड त्याचं करा, नक्षी १६० ते २०० मध्ये कापा.

धुळ्याचा पक्का:

केळीच्या मुलखात राहून प्लेटपण केळीसारखी वाकडी 😄 ताई, रागावू नका. आमच्या छापखान्यात जाड कागद दुमडण्याआधी त्याचा कल बघतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकेल त्याच दिशेने घडी. उलट दिशेने घातली की फुटणारच.

कागदवेडी:

हे बरोबर. पण पांढरी रेघ दिसते याचा अर्थ रंग फक्त वरवरचा आहे. कोपरा फाडून बघा, आत पांढरं दिसेल. आतपर्यंत रंगलेला कागद मिळतो, तो घ्या. नसेल मिळत तर कार्ड पांढऱ्या आयव्हरी शीटचं करा आणि निळा तुकडा नुसता दर्शनी बाजूला चिकटवा. घडीवर निळा येणारच नाही. घडीआधी रिकाम्या बॉलपेनने पट्टी धरून रेघ ओढायला विसरू नका. ए४ चे दोन तुकडे केले की दोन कार्डं होतात, दुमडून १०५ बाय १४८ मिमी. म्हणजे तुम्हाला ११ शीट पुरतील, पण १३ आणा. पाकीट ११४ बाय १६२ मिमीचं.

गोंदाचं म्हणाल तर बाटलीने लावूच नका. कापायच्या आधीच कागदाच्या मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी शीट लावा आणि मग डाय चालवा. अख्खा नांगर स्टिकरसारखा निघतो.

तापीकाठ:

प्लेट डोलली!! चांगली बोटभर. आणि कोपरा फाडला तर आत पांढराशुभ्र. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की आरपार रंग आहे. असो.

डाय तिरका, प्लेट उलटी, बटर पेपर, १८० चा कागद. आठ कापले, सहा छान निघाले. दोराचा वरचा वेढा अजून रुसलेलाच आहे. पण २२ होतील असं वाटायला लागलंय. भावाला अजून काही दाखवलेलं नाही.

जुना सारंग:

ताई, मी कार्डवाला नाही. मूळ चोपड्याचा, सगळी नोकरी बोटीवर काढली. शीर्षकात नांगर दिसला, शेतकीचा धागा समजून आलो.

तुमच्या भावाला तो दोर गुंडाळलेला नांगर दाखवू नका, हसेल. चित्रात दिसतो छान, जगभरच्या आरमारांच्या बिल्ल्यांवरही असतो, पण बोटीवर नांगराला दोर किंवा साखळी गुंडाळली गेली म्हणजे नांगर फसला. तो नीट धरत नाही, वर घेताना घाम काढतो. पहिल्या बोटीवर निघालेल्या पोराला फसलेला नांगर कशाला पाठवायचा? शिवाय आडव्या दांडीचा तो नांगर जुन्या काळचा. मोठ्या मालवाहू बोटीवर आता दांडी नसलेलाच असतो. पण दांडीशिवाय तो कार्डावर नांगर वाटणारच नाही, म्हणून तेवढी सूट देतो.

दोर कापूच नका. तुमच्याकडे राखी आहे की. नांगराच्या डोक्याला जे कडं असतं त्यातून राखीचा धागा ओवा आणि मागे दोन चिरा पाडून अडकवा. तोच दोर, तीच राखी. पोराने ओढली की हातात.

आणि कार्डावर समोरून येणारं जहाज, त्याला लाल-हिरवे दिवे, असं काही केलंय का? बहुतेक जण उलटे लावतात म्हणून विचारतो.

तापीकाठ:

काका, तुम्हाला कसं कळलं? आतल्या पानावर जहाज आहे, दिव्यांना टिकल्या लावल्यात. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी. भावानेच कधीतरी सांगितलं होतं, डावा लाल म्हणून.

जुना सारंग:

डावा लाल हे बरोबर, पण बोटीचा डावा. बोट तुमच्याकडे तोंड करून येतेय, मग तिचा डावा तुमच्या उजव्या हाताला. टिकल्यांची अदलाबदल करा.

अजून एक, डायच्या भानगडीतून सुटायचं असेल तर. बोटींची सांकेतिक निशाणं असतात, प्रत्येक अक्षराला एक. 'यू' वर आणि 'डब्ल्यू' खाली, अशी दोन फडकवली की अर्थ होतो, तुमचा प्रवास सुखाचा होवो. 'यू' म्हणजे चार चौकोन: काठीकडचा वरचा लाल, त्याच्या शेजारचा पांढरा, खाली उलट. 'डब्ल्यू' म्हणजे बाहेर निळी चौकट, आत पांढरी, मधोमध लाल चौकोन. सगळे सरळ कोपरे, पट्टी आणि कटरचं काम. कार्डाच्या बाहेर 'पी' लावा: निळी चौकट, आत पांढरा चौकोन. बंदरात ते लागलं की सगळ्यांनी बोटीवर या, आता निघायचं.

फक्त जागा कमी पडली म्हणून एकटं 'यू' लावू नका. त्याचा अर्थ, तुम्ही धोक्याकडे चालला आहात.

धुळ्याचा पक्का:

बापरे. २२ पोरांना राखीसोबत धोक्याचा इशारा 😂

कागदवेडी:

काका, तुम्ही इथे नेहमी येत जा. ताई, चौकोनात चौकोन बसणाऱ्या डायचा संच असेल तर 'पी' आणि 'डब्ल्यू' दोन्ही त्यातच निघतील. 'डब्ल्यू' चा मधला लाल फोम टेपवर थोडा उचला, पण एकाच थराचा. जास्त फुगवलंत तर टपालात शिक्का मारताना दबतं.

तापीकाठ:

चौकोनांचा संच आहे! दिवाळीच्या कंदिलांसाठी घेतला होता.

काल रात्री एक नमुना केला. बाहेर 'पी', आत नांगर, कड्यातून लाल राखी, खाली दोन निशाणं. दोराचा भाग नांगरावरून बारीक कात्रीने छाटून टाकला, दोन मिनिटं लागली. टिकल्या नखाने काढून बदलल्या, लालच्या जागी गोंदाचा डाग राहिला म्हणून तिथे मोठी हिरवी बसवली. हिरवा दिवा लालपेक्षा मोठा असला तर चालतो का काका? आईने कार्ड हातात घेतलं, धागा ओढून राखी काढून बघितली, परत ओवता येईना. मग मलाच म्हणाली, तू जरा कडं मोठं कर.

तर कडं मोठं करायचंय. २२ पैकी ५ झालीत, सहावं ओट्यावर आहे. लाल कागद संपला, उद्या सकाळच्या गाडीने जळगावला जाते. आरपार लाल कागद तिथे कुठल्या दुकानात मिळेल, कुणाला नक्की ठाऊक असेल तर आज रात्रीच सांगा. या वेळी कोपरा फाडून बघूनच घेणार आहे.

जुना सारंग:

चालतो. हिरवा मोठा असला म्हणून कुठली बोट बुडालेली ऐकली नाही.