मदत हवी आहे: सूर्य पाठीमागे असताना काढलेल्या लहान मुलाच्या फोटोत चेहरा कसा उजळावा?

नमस्कार मंडळी,

भाच्याचा एक फोटो मनासारखा व्हावा म्हणून जाणकारांकडे मदत मागते आहे. वाशीच्या सागर विहारला संध्याकाळी काढलेला. खाडीला भरती होती आणि सूर्य पाण्याच्या जरासा वर. आजोबा चपला काढून बाकावर बसले होते. अडीच वर्षांच्या या पठ्ठ्याने त्या चपला पायात सरकवल्या आणि दोन्ही हात पसरून, जीभ दातांत धरून चालत निघाला. कुणी फोटो काढतंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

सूर्य बरोबर पाठीमागे असल्याने केसांभोवती सोनेरी कड आली आहे, कानांच्या पाळ्यांतून उजेड आरपार येऊन त्या लालबुंद दिसतात, आणि सावली लांबलचक होऊन पुढे आली आहे. हे सगळं मला जसंच्या तसं हवं आहे. चेहरा मात्र काळवंडला आहे. ती दातांत धरलेली जीभ हाच खरा फोटो, आणि तीच नीट दिसत नाही.

कॅमेरा कॅनन १५००डी, ५० मिमी लेन्स, आयएसओ २००, एफ/४, शटर १/१००० सेकंद, मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) इव्हॅल्युएटिव्ह, म्हणजे पूर्ण चौकटीवरून. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न झालेली फाइल, जपून ठेवली आहे.

मोबाइलवरच्या लाइटरूम या फोटो-संपादनाच्या ॲपमध्ये शॅडोज (गडद भाग) पूर्ण वर नेले तर चेहरा दिसू लागला, पण राखी-निळसर. आकाशातलं केशरी फिकं पडलं. मग मास्क लावून (बदल ठरावीक भागापुरताच ठेवून) फक्त भाच्याला उजळलं, तर तो दुसऱ्याच फोटोतून कापून चिकटवल्यासारखा वाटायला लागला आणि केसांच्या कडेने पांढुरकी रेघ उमटली. चेहरा नेमका किती उजळला की थांबावं? तो निळसरपणा येतो कुठून?

शिवाय उजव्या कडेला आजोबांची अनवाणी पावलं आली आहेत. बहीण म्हणते कापून टाक, माझा हात होत नाही. आजोबांना ८ × १२ इंची प्रिंट द्यायची आहे. घराजवळच्या स्टुडिओतून नमुना काढून आणला, तो स्क्रीनपेक्षा बराच गडद आला.

फोटो इथे टाकत नाही. मुलाचा चेहरा इंटरनेटवर नको असं बहिणीने सांगितलं आहे आणि मला ते पूर्ण पटतं. वर्णनावरून जमेल तेवढं सांगा.

प्रतिसाद:

ताई, रॉ आहे म्हणजे निम्मं काम झालं. तुमच्या कॅमेऱ्याची रॉ १४ बिटची असते, म्हणजे दर रंगाला १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये त्या २५६ च असतात, म्हणून तिथे सावली उचलली की रंग फाटतात. आयएसओ २०० वर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उजळलंत तरी फोटोतले रवाळ दाणे साधारण आयएसओ ८०० इतकेच दिसतील. तेवढे प्रिंटमध्ये कळतही नाहीत.

निळसरपणाचं कारण सोपं आहे. त्याच्या चेहऱ्यावर सूर्य नाहीच, समोरच्या आकाशाचा उजेड आहे आणि तो निळा असतो. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा पिवळा-निळा तोल) सूर्याच्या बाजूने बेतलेला असला की सावलीतली त्वचा निळी पडणारच. म्हणून अख्ख्या फोटोचं तापमान बदलू नका, फक्त चेहऱ्याच्या मास्कमध्ये ते थोडं पिवळ्याकडे न्या.

मास्कसाठी अख्खा मुलगा निवडू नका. मऊ कडांचा ब्रश घ्या, चेहरा, गळा आणि छातीचा वरचा भाग रंगवा, केसांच्या सोनेरी कडेच्या आतच थांबा. ती पांढुरकी रेघ मास्क केसांबाहेर सांडल्याने येते. एक्स्पोजर एक स्टॉपने वाढवून बघा, फार तर सव्वा. चेहरा आकाशापेक्षा गडदच राहिला पाहिजे. उजेड मागून येतोय हे डोळ्याला माहीत असतं, चेहरा आकाशाइतका उजळला की त्याला पटत नाही. मग ब्लॅक्स (सगळ्यात काळे भाग) किंचित खाली ओढा. समोरचा सूर्य लेन्समध्ये शिरला की काळा रंग धुरकट होतो, तो त्याने परत येतो. लहान मुलाच्या त्वचेवर क्लॅरिटी (बारकावे ठसठशीत करणारी पट्टी) मुळीच वाढवू नका. सूर्याचं बिंब पांढरं फटक असेल तर असू द्या, तिथे परत मिळवण्यासारखं काही उरलेलं नसतं.

प्रतिसाद:

आजोबांची पावलं कृपा करून कापू नका! चपला कोणाच्या हे त्या पावलांमुळेच कळतं. ती अनवाणी पावलं नसतील तर मोठ्या चपला घातलेलं मूल एवढंच उरेल. शिवाय तुमच्या सेन्सरचं आणि ८ × १२ चं प्रमाण सारखंच आहे, २:३, त्यामुळे प्रिंटसाठी काही कापावंच लागत नाही. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० × २४०० पिक्सेल पुरतात, तुमच्याकडे ६००० × ४००० आहेत.

प्रिंट गडद येते कारण स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, कागद टाकत नाही. मोबाइलचा ब्राइटनेस निम्म्यावर आणून मग चेहरा तपासा. स्टुडिओत 'ऑटो करेक्शन नको' असं आवर्जून सांगा, नाहीतर त्यांचं मशीन तुमची सावली पुन्हा स्वतःच्या हिशेबाने उचलेल.

पुढच्या वेळेसाठी: १५००डी मध्ये स्पॉट मीटरिंग (अगदी छोट्या ठिपक्यावर उजेड मोजणं) नाही, पण पार्शल आहे. ते मधल्या साधारण १० टक्के भागावरच मोजतं. चेहरा मध्ये धरून त्यावर मोजा. आणि जमलं तर अशा जागी उभ्या राहा की सूर्य मुलाच्या डोक्याआड जाईल. कड तशीच राहते, धुरकटपणा कमी होतो.

मूळ धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. ब्रशने फक्त चेहरा आणि गळा घेतला, एक स्टॉपला थांबले, तापमान पिवळ्याकडे नेलं. जीभ दिसते आहे, आणि संध्याकाळ संध्याकाळच राहिली आहे! पावलं ठेवणार हे नक्की. बहिणीलाही 'चपला कोणाच्या' हे वाचून दाखवलं, तिला लगेच पटलं.

एक अडचण उरली. रेलिंगचा आडवा दांडा त्याच्या बरोबर कानामागून जातो. हीलिंगने (नको असलेला भाग आजूबाजूच्या रंगाने झाकणारं साधन) पुसला की कानाची ती लालसर कड पुसट होते. कानाजवळचा तुकडा तसाच ठेवून बाकीचा दांडा फक्त फिका करावा, की संगणकावर गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्राममध्ये क्लोन टूलने (एका जागेची नक्कल दुसरीकडे उमटवून) हळूहळू करावं? कुणी असं केलं असेल तर सांगा, रविवारी प्रिंटला द्यायचा विचार आहे.