थडग्यांवरील दगडी खोडे कोणाची?

प्रश्न: अमेरिकेतील जुन्या दफनभूमींत तोडलेल्या खोडाच्या आकाराची स्मारके दिसतात, त्यांवर कुऱ्हाड, पाचर, कधी कबुतरही कोरलेले असते. ही खूण कोणाची?

उत्तर १: जोसेफ कलन रूट यांनी १८९० मध्ये ओमाहा येथे स्थापन केलेल्या 'वुडमेन ऑफ द वर्ल्ड' या परस्पर-साहाय्य संस्थेची. सभासदाच्या विम्यातच आरंभी स्मारकाची तरतूद असल्यामुळे कुटुंबाला सालीच्या भेगांसकट घडवलेले असे खोड मिळे. पुढे खर्च परवडेना, तशी १९२०च्या दशकात प्रथा ओसरली.

उत्तर २: मात्र अकाली तुटलेल्या आयुष्याची खूण म्हणून खोड इतरांनीही वापरले आहे, त्यामुळे संस्थेचे चिन्ह आधी शोधावे.

उत्तर ३: एकमेकींत गुंतलेल्या तीन कड्या असल्यास मृत व्यक्ती 'ऑड फेलोज' या अशाच दुसऱ्या परस्पर-साहाय्य संस्थेची सभासद समजावी, मैत्री, प्रेम आणि सत्य ही त्यांची तत्त्वे.