मल्टी-एजंट सिस्टीम्स: इलेक्टिव्ह म्हणून घ्यावा की नको?

मांजराकाठची: एमएस्सी कॉम्प्युटरला इलेक्टिव्ह निवडायचाय. वर्गातली निम्मी पोरं म्हणतात, मल्टी-एजंट नको, जुनाट आहे, जावा घासत बसावी लागते. मला उलट वाटतं. सध्या जो तो एआय एजंट, म्हणजे स्वतः ठरवून काम करणारा प्रोग्राम, विकायला बसलाय. एक एजंट कामं वाटतो, बाकीचे करतात. कामं वाटायची रीत रीड स्मिथ यांनी 1980 मध्येच कॉन्ट्रॅक्ट नेट नावानं मांडली: काम जाहीर करा, बोली मागवा, पटेल त्याला द्या. बोली लावणारा खोटं बोलला तर? त्याचा एक तोडगा अर्थशास्त्रज्ञ व्हिक्रे यांनी 1961 मध्ये दिला: बंद बोली, सगळ्यात मोठी बोली जिंकते, पण पैसे दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच द्यायचे. मग खोटं बोलून फायदाच उरत नाही. लायब्रऱ्या येतील नि जातील, हे टिकणारं आहे.

नांदेड_टू_हिंजवडी: ताई, मुलाखतीत व्हिक्रे कोणी विचारत नाही. एपीआय (दोन प्रोग्राम जोडायची सोय) जोडता येतो का, लॉग वाचता येतो का, एवढंच बघतात. आपल्याकडच्या पोरांना पहिली नोकरी मिळेपर्यंत घरचे धीर धरत नाहीत, तिथं थिअरी कुठं घेऊन बसता? आमच्या टीममध्ये दोन एजंट रात्रभर एकमेकांकडं तेच काम ढकलत बसले. सकाळी बिल बघून मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होता. वर एक मर्यादा टाकली, दहा फेऱ्या झाल्या की थांब. विषय संपला.

मांजराकाठची: दादा, याला लाइव्हलॉक म्हणतात: सगळे हलत राहतात, काम पुढं सरकत नाही. दहा फेऱ्यांनी बिल थांबलं, पण ते काम शेवटी कोणी केलं?

नांदेड_टू_हिंजवडी: माणसानं केलं 😄 तरी मत तेच.

फळा_खडू: मी हा विषय शिकवतो, म्हणून दोघांनाही सांगतो. पेपरात येतं काय, तर ‘एजंटचे प्रकार आकृतीसह स्पष्ट करा’. सिंपल रिफ्लेक्स, मॉडेल-बेस्ड, गोल-बेस्ड, युटिलिटी-बेस्ड. चौकोन आणि बाण पाठ करून पोरं पैकीच्या पैकी मिळवतात. लातूर पॅटर्ननं हेही जमतं. ही सगळी एकट्या एजंटची गोष्ट झाली. दुसरा एजंट आला, त्याचं हित वेगळं निघालं, की खरा विषय सुरू होतो, आणि तिथं पोचेपर्यंत सेमिस्टर संपतं. लॅब असेल तरच घ्या. एजंटांची मॉडेलं चालवायचं सॉफ्टवेअर नेटलोगो फुकट आहे, 1999 पासून आहे, आमच्या लॅबमधल्या म्हाताऱ्या मशीनवरही चालतं. जीपीयू नको, क्लाऊड नको.

मांजराकाठची: सर, नेटलोगोत मी बोअरचं मॉडेल केलंय. प्रत्येक शेतकरी एक एजंट. नियम दोनच: ऊस वाळायला लागला की उपसा वाढव, पाणी लागेना तर शेजाऱ्यापेक्षा खोल जा. कोणीच मूर्ख नाही, जो तो आपल्यापुरता बरोबर वागतो, तरी काही हंगामांत सगळ्यांचेच बोअर कोरडे पडतात. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ का आली, ते थोडं तरी कळतं यातून.

खडकातलं_पाणी: इथंच मला आक्षेप आहे. तुमच्या मॉडेलमध्ये सगळ्यांच्या बोअरखाली एकच टाकी आहे ना? मराठवाड्यात बेसाल्ट आहे. पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांमध्ये. एका बांधावर पाणी लागतं, शेजारच्या बांधावर 500 फुटांवर नुसती धूळ निघते. शेजाऱ्याचा उपसा तुम्हाला भोवतोच असं नाही, कधी भोवतो, कधी नाही. चुकीच्या जमिनीवर एजंट कितीही हुशार सोडले तरी उत्तर चुकीचंच येणार. आणि 2016 चा दोष एकट्या बोअरवर नका टाकू, पाऊसही सलग दगा देत होता, मांजरा धरण कोरडं पडलं होतं.

मांजराकाठची: टाकी एकच आहे, हो. मॉडेलमधल्या जमिनीच्या चौकटीगणिक भेगा वेगळ्या ठेवता येतील. पण मग शेजाऱ्याचं नुकसान आपण करतोय की नाही, हे एजंटला कळणारच नाही.

खडकातलं_पाणी: खऱ्या शेतकऱ्यालाही कळत नाही. तेच टाका मॉडेलमध्ये. आणि 60 मीटरपेक्षा खोल बोअर घेण्यावर कायद्याचे निर्बंध आहेत, तोही नियम घाला, पाळणारे किती ते तुम्हीच ठरवा.

फळा_खडू: शिवाय एजंटांना एकमेकांशी बोलू द्या. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल याच कामावर मिळालं: पाणी वापरणारे लोक आपसांत नियम ठरवून ते पाळूही शकतात.

नांदेड_टू_हिंजवडी: सर, आमच्या गावात पाणी वापर संस्थेची बैठक कोरमअभावी तहकूब होते. तेवढा एक एजंट गैरहजर ठेवा. बाकी ताई, कोड टाका, रविवारी चालवून बघतो.