आरपीजीच्या सामानाचा खोका बनवतोय, प्लेटेस्टमध्ये (लोकांना वापरायला देऊन घ्यायची चाचणी) नेमकं काय बघायचं?

खणवाला:
टेबलटॉप आरपीजीचं (टेबलाभोवती बसून एकेका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) सगळं सामान एकाच खोक्यात मावावं म्हणून ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड) लेसरने कापून एक तीन थरांचा खोका केलाय. तळाला मिनी (पात्रांच्या आणि राक्षसांच्या छोट्या मूर्ती), मधे फासे आणि टोकन, वर कार्डं आणि जीएम स्क्रीन (खेळ चालवणाऱ्याच्या नोंदी झाकणारा आडोसा). प्रत्येक फाशाला त्याच्या आकाराचा खण आहे. डी४ला (म्हणजे चार बाजूंच्या फाशाला) त्रिकोणी, डी२०ला षटकोनी, दिसायला एकदम देखणं. मी आवरलं की झाकण अलगद बसतं. ग्रुपने आवरलं की डी८ डी१०च्या खणात, कंडिशनच्या रिंगा (पात्राची अवस्था दाखवायला मिनीवर अडकवायच्या) कार्डांवर आणि झाकण अर्धा बोट वर. "कसा वाटला?" विचारलं की सगळे "भारी" म्हणतात. या "भारी"चं मी काय करू? प्लेटेस्टमध्ये तुम्ही काय बघता?

आवराआवर:
आधी ते "कसा वाटला" बंद करा. तुमच्यासमोर कोणी वाईट म्हणणार नाही, पुढचा गेम तुम्हीच चालवणार आहात ना.

ज्याने खोका कधी पाहिला नाही अशाच्या हातात तो बंद द्या आणि गप्प बसा. "अरे तो तिकडे" एवढंसुद्धा नाही. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं. बघायचं ते आवरताना, आणि तेही सेशन संपल्यावर. सुरुवातीला सगळे उत्साहात असतात, तेव्हा कुठलाही खोका पास होतो. शेवटी एकजण फोनवर, दुसरा निघायच्या घाईत, तिसरा अजून "मी दार उघडायलाच नको होतं" यावर वाद घालतोय, तेव्हा खरी परीक्षा. हात कुठे अडतो ते लिहा. एखादी वस्तू वेगवेगळी माणसं एकाच "चुकीच्या" जागी ठेवत असतील तर ती जागाच बरोबर आहे. खण तिकडे हलवा.

आता फासे. एका सेटमध्ये सात, पाच खेळाडू म्हणजे पस्तीस. रात्री पस्तीस तुकड्यांचं कोडं कोण सोडवणार? शिवाय डी८ आणि डी१० घाईत सारखेच दिसतात, आणि आकारात घट्ट बसलेला डी४ बाहेर काढायला नख लागतं. माणशी एक वाटी द्या, तळ गोलसर ठेवा. बोट घसरवलं की फासा कडेने आपसूक वर येतो. सपाट तळ आणि उभ्या भिंती असल्या की बोट कोपऱ्यात अडकतं.

मोठा बदल मात्र थरांचा. तुम्ही वस्तूंच्या जातीप्रमाणे थर लावलेत, खेळ तसा चालत नाही. लढाई सुरू झाली की मिनी, रिंगा, इनिशिएटिव्हची (लढाईत कोणाची पाळी कधी ते सांगणारी) कार्डं आणि मार्कर एकदम लागतात, आणि तुमच्या खोक्यात ते तीन मजल्यांवर आहेत. लढाईचा एकच ट्रे करा, अख्खा उचलून टेबलावर ठेवता येईल असा. स्क्रीन आणि कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचे कागद) आल्या आल्या लागतात, त्या सगळ्यात वर. क्वचित निघणारे राक्षस तळाला.

चुंबक_चिकट:
मिनींसाठी: २५ मिमी बेसखाली ५×२ मिमीचा निओडिमियम चुंबक आणि ट्रेच्या तळाला साध्या लोखंडाचा पत्रा. पत्रा असला की चुंबकाची कुठली बाजू खाली, याची चिंता नाही. ॲल्युमिनियमवर चिकटणार नाही, आणि ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसवरही जवळपास नाहीच. मोठ्या राक्षसाला, म्हणजे ५० मिमी बेसला, एक चुंबक पुरत नाही, आडवा धरला की घसरतो. तीन लावा. भरलेला ट्रे उलटा करून हलवून बघा, गादीवर.

खणवाला:
@आवराआवर, लढाईचा ट्रे पटला. वाट्याही पटल्या, पण तो षटकोनी खण काढताना जीव जाईल. एक शंका: मिनी उभ्या ठेवल्या तर उंची वाढते. पंख पसरलेला ड्रॅगन कुठे घालू?

आवराआवर:
ड्रॅगनसाठी अख्खा खोका उंच करू नका. त्याला वेगळा डबा. दर सेशनला तो निघत असेल तर तुमच्या खेळाडूंची मला काळजी वाटते.

गडद_गुहा:
माझा चुंबकांना विरोध नाही, पण रंगवलेल्या मिनी मी फोममध्येच आडव्या ठेवतो, पातळ तलवारी जास्त टिकतात. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या मात्र टाळा, त्यातलं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) रंगाला चिकट करतं. आणि ट्रे थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए (प्रिंटिंगचं नेहमीचं प्लॅस्टिक) साधारण ६० अंशांना मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीत ठेवलात तर वाकडा होईल. त्याऐवजी पीईटीजी प्लॅस्टिक घ्या.

कार्डांचा खण कितीचा केलाय? ६३×८८ मिमीच्या कार्डाला स्लीव्ह (पातळ प्लॅस्टिकचं कव्हर) चढली की साधारण ६६×९१ होतं, आणि बोट घालायला कडेला खाच हवी.

खणवाला:
६५चा. म्हणजे स्लीव्हवाली बसतच नाहीत, तरीच ती वर तरंगत असतात. ६९ करतो, खाच दोन्ही बाजूंना. नवा ट्रे आधी पुठ्ठ्याचा करून ग्रुपला देतो. एमडीएफ नंतर.

आवराआवर:
पुठ्ठाच बरा. त्यावर लोक बिनधास्त पेनाने रेघा मारून दाखवतात. आणि त्या रात्री तुम्ही जरा लवकर निघा, आवरायला थांबू नका. दुसऱ्या दिवशी खोका उघडून फोटो काढा आणि इथे टाका.