मदत हवी आहे: काचेच्या कटिंगचे तुकडे कोल्हापुरातून भट्टीपर्यंत पोचवायचे कसे?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात माझं अॅल्युमिनियम सेक्शन आणि काचेचं दुकान आहे. खिडक्या, पार्टिशन, शोकेस अशी कामं. शीट कापली की कडेच्या पट्ट्या उरतात. अॅल्युमिनियमचा तुकडा भंगारवाला दारात येऊन किलोवर नेतो, काचेला हात लावत नाही. घंटागाडीवाले नको म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही, हात कापतो. आमच्या धंद्यातले बहुतेक जण हा माल भरावाला देतात. महिन्याला छोटा हत्ती अर्धा भरेल एवढी स्वच्छ पांढरी काच अशी मातीत जाते.

थोडं वाचल्यावर जास्तच टोचायला लागलं. काचेच्या भट्टीत वाळू, सोडा अॅश आणि चुनखडी साधारण 1500 अंशांना वितळवतात. त्यात फुटकी काच मिसळली तर दर 10 टक्क्यांमागे ऊर्जा अडीच ते तीन टक्के कमी लागते. सोडा अॅश आणि चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइडही तेवढा टळतो. एक टन तुकडे साधारण 1.2 टन कच्च्या मालाची जागा घेतात. युरोपात काचेच्या पॅकिंगपैकी (बाटल्या-बरण्या) 80 टक्क्यांच्या आसपास पुनर्वापरासाठी गोळा होतं. आपल्याकडे मात्र काच फुकट देतो म्हटलं तरी न्यायला कोणी नाही.

एके काळी कराडजवळ ओगलेवाडीत काचेची भट्टी होती, प्रभाकर कंदील तिथलाच. ती आज असती तर हा धागा काढावा लागला नसता. आता बघायचं म्हणजे तळोजा, नाहीतर थेट गुजरातेत भरूच-जंबुसर. इथून माल उचलणारं कोणी माहीत आहे का? माल कसा वेगळा करून ठेवायचा? आणि प्लास्टिकसारखी काचेची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा काही नियम आहे का?

शिरोली_फौंड्री
भावा, आम्ही रनर-रायझर, म्हणजे ओतकामात उरलेले धातूचे तुकडे, परत भट्टीत टाकतो ते काय पुण्य लागावं म्हणून न्हवं. पण आमची भट्टी आमच्याच शेडात आहे. तुझ्या काचेनं गॅसचं बिल वाचणार भरूचच्या कारखानदाराचं, आणि ट्रकभाडं भरणार तू. घोडं तिथं अडतंय. एकट्यानं जमायचं नाही. गावातले काचवाले एकत्र या, कुणाच्या तरी मोकळ्या जागेत साठवा आणि मोठा ट्रक भरूनच पाठवा. अर्ध्या गाडीत हात धुवून बसशील.

वाळू_आणि_सोडा
गुजरातेत बाटल्यांच्या कारखान्यात नोकरी केली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमचा माल फ्लोट काच, म्हणजे खिडकीची साधी सपाट काच, म्हणजे चांगलाच. बाटलीची भट्टी तो घेऊ शकते. उलटं सहसा चालत नाही, सपाट काचेवाले बाटल्यांचे तुकडे घेत नाहीत.

कारखाना माल नाकारतो तो भेसळीमुळे. चहाच्या कपाचा किंवा टाइलचा तुकडा त्या तापमानाला नीट वितळत नाही, बाटलीत खडा राहतो आणि बाटली तिथेच तडकते. ओव्हनमधल्या बोरोसिलिकेट भांड्यांचंही तसंच. तुमच्या दुकानात खरा धोका अॅल्युमिनियमचा. त्याचा चुरा काचेत गेला तर तो भट्टीत वाळूतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि सिलिकॉनच्या बारीक गोळ्या तयार होतात. म्हणून सेक्शन कापायचं मशीन आणि काचेचं टेबल यांच्यात अंतर ठेवा, काच जमिनीवर ओतू नका, पत्र्याच्या पिंपात टाका. लॅमिनेटेड वेगळी, कारण मध्ये प्लास्टिकची फिल्म असते. रंगीत वेगळी. टफन (तापवून कडक केलेली) चालते, फक्त चुरा फार होतो.

रंकाळवेस
एवढा खटाटोप कशाला? दळून पेव्हर ब्लॉकमध्ये घाला की.

वाळू_आणि_सोडा
जाडसर काच सिमेंटमधल्या अल्कलीशी प्रक्रिया करते, ओल मिळाली की फुगते आणि ब्लॉकला तडे जातात. अगदी पिठासारखी दळली तर चालते, पण दळायलाही वीज लागतेच, आणि भट्टीतली बचत हातची जाते. शेवटचा पर्याय म्हणून ठेवा.

वाचनमात्र_होतो
नियमांबद्दल. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कागद, काच आणि धातूच्या पॅकिंगसाठी उत्पादकाच्या जबाबदारीचा मसुदा काढला. त्यात बाटल्या-बरण्या येतात, खिडकीची काच पॅकिंग नव्हे, त्यामुळे तुमच्या पट्ट्यांना त्याचा थेट आधार नाही. तरी बाटल्यांसाठी गोळा करणारी साखळी उभी राहिली तर त्याच गाडीत तुमचा माल जाईल, एवढी आशा ठेवायला हरकत नाही. तामिळनाडूत 2022 पासून निलगिरीत दारूच्या बाटलीमागे 10 रुपये जादा घेऊन बाटली परत केल्यावर देतात. धुऊन परत भरलेली बाटली तर भट्टीच टाळते, आपल्या गोटी सोड्याची बाटली हेच करत आली आहे.

इंधनाबाबत आपल्याकडे कडक निर्णय झालेले आहेत. ताजमहाल धुराने खराब होऊ नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 30 डिसेंबर 1996 ला त्या भागातल्या कारखान्यांना कोळसा सोडून गॅसवर या, नाहीतर बाहेर जा, असं सांगितलं. फिरोजाबादच्या काचभट्ट्या त्याच पट्ट्यात. भट्टीत काय जाळायचं हे ठरलं, काय वितळवायचं याकडे तेवढं लक्ष गेलं नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. पिंपं उद्याच आणतो. ओळखीच्या काचवाल्यांशी बोलणं सुरू केलंय, शिरोलीत जागा असेल तर फौंड्रीवाल्या भावांनी व्यनि करावा. आरशाचं मात्र राहिलं. मागे चांदीचा थर आणि वर रंग, तो माल बाटलीवाले घेतात का, का तोही वेगळाच ठेवायचा?